गाडी जाईपर्यंत

ओपलने मान वर केली नाही. झालं ते एवढंच.

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये मतदानाची रांग होती. माझा नंबर आला होता, ओपल कडेवर होती आणि माझ्या कोटाच्या वरच्या बटणाशी तिची झटापट चालली होती. टेबलामागे लॉरेन वेसल बसलेली, आमच्या समोरच्या घरातली, दर निवडणुकीला याच टेबलावर बसणारी. माझं लायसन्स हातात धरून ती म्हणाली, "ब्रेना मीस. पत्ता तोच ना, आमच्या समोरचा," आणि तेवढ्यात खाली रेल्वे यार्डाकडून मालगाडी आली. फाटकाच्या अलीकडे देतात तसा भोंगा झाला, दोन लांब, एक तोकडा, पुन्हा एक लांब, आणि मग डब्यांची ती न संपणारी घरघर सुरू झाली. रांग गप्प झाली. लॉरेनचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, बोट माझ्या नावावर टेकलेलं. माझ्या मागचा माणूस फोनवर कुणाशी तरी बोलत होता, तोही थांबला. पलीकडचा माणूस इथलाच असावा, कारण गाडी गेल्यावर त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. दोन मिनिटं आम्ही सगळे असेच उभे होतो आणि ओपल बटण पिरगाळत होती. शेवटचा डबा गेला. लॉरेनने वाक्य सोडलं होतं तिथूनच उचललं, "की एका रात्रीत घर हलवलंत?" सगळे हसले. मग तिने ओपलच्या गालाला बोट लावलं. "आणि ही बघ बाई! हूं नाही की चूं नाही. माझी भाची मागच्या महिन्यात बाळ घेऊन आली, पहिल्या भोंग्यालाच ते निळं पडेपर्यंत रडलं. हिचं तसं नाही. रेल्वेचं पोर आहे हे."

हे वाक्य मी गेल्या नऊ महिन्यांत किती वेळा ऐकलं असेल. दर वेळी मला बरं वाटलं होतं. आजही ओठ सवयीने हसले, आणि हसता हसता मला जाणवलं की घरी ती मान वर करते. घरी, स्वयंपाकघरातल्या लाकडी जमिनीवर, गोधडीवर बसलेली असते तेव्हा आमच्या कुणाच्याही आधी तिची मान वर होते, डोळे मोठे होतात, हात हवेत थांबतात. मग आम्हाला भोंगा ऐकू येतो. "बघा," माझे सासरे म्हणतात, "बघा, पोरीचे कान कसे तिखट आहेत." तिखट कानांची पोर आता माझ्या कडेवर होती, भोंगा अर्ध्या मैलावर वाजला होता, आणि तिला बटणापलीकडे काहीच दिसत नव्हतं. दिसत नव्हतं, असंच माझ्या मनात आलं. ऐकू येत नव्हतं, हे मी मनातसुद्धा म्हटलं नाही.

मतपत्रिका घेऊन मी आडोशाच्या टेबलाशी गेले. पुढच्या पानावर शाळा समितीची नावं, मागच्या पानावर अगदी खाली तो प्रश्न: शहराच्या मालकीचा रेल्वेमार्ग विकून तो पैसा रस्ते-पुलांवर खर्च करावा की नाही. ओपल व्हायच्या आधी मी सहा वर्षं ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात होते आणि लोक येऊन सगळ्यात जास्त याच रेल्वेबद्दल विचारत. दीडशे वर्षांपूर्वी नदीवरची वाफेची जहाजं कमी होऊ लागली आणि आमच्या सिनसिनाटीतल्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की दक्षिणेचा माल आता दुसऱ्याच शहरांकडे वळतोय. खाजगी कंपनीला शहराने पैसा द्यायचा नाही, असा राज्याचा कायदा. तेव्हा एका वकिलाने विचारलं, दुसऱ्याला द्यायचा नाही हे खरं, पण स्वतःचीच रेल्वे बांधायला कुठे मनाई आहे? मग लोकांनी मत दिलं, कर्ज काढलं, आणि एका शहराने दुसऱ्या दोन राज्यांतून, टेकड्या पोखरून, चट्टानूगापर्यंत तीनशे सदतीस मैल लोखंड अंथरलं. उत्तर आणि दक्षिण एकमेकांशी लढून उठल्याला जेमतेम पंधरा वर्षं झाली होती, तेव्हा पहिली गाडी या टोकापासून त्या टोकाला गेली. यातली खरी गंमत मी वाचकांना सांगत असे ती वेगळीच. त्या मार्गाचा शहराच्या हद्दीत येणारा तुकडा अगदी नावापुरता आहे, आणि एकदा सुरू झाल्यावर शहराने तो लगेच भाड्याने देऊन टाकला. मालक आम्ही, चालवतात दुसरे. आमच्यातल्या बहुतेकांनी तो पाहिलेलाही नाही. आपलं आहे असं म्हणायचं आणि कधी जवळ जाऊन बघायचं नाही. हे सांगताना मी हसत असे. आता पेन हातात घेऊन उभी असताना तेच वाक्य पुन्हा आठवलं आणि हसू आलं नाही. मी एक गोल काळा केला. कुठला, ते बाहेर आल्यावर मला आठवेना.

घरी जायला चढाची वाट आहे. नोव्हेंबर असूनही हवा उबदार होती, लोक कोट हातावर टाकून चालले होते. ओपलला मी गाडीत बसवलं, गाडी म्हणजे ढकलायची, आणि तिच्या मागून चालत राहिले. मागून मला तिचे कान दिसत होते. लहान, गुलाबी, उजव्याच्या पाळीवर दुधाचा सुकलेला ओघळ. मी किल्ल्या काढल्या आणि वाजवल्या. ती वळली नाही. पुन्हा जोरात वाजवल्या. ती वळली! मग पाहिलं तर उन्हात माझी सावली तिच्या मांडीवर पडत होती आणि माझा हात हलल्यावर तीही हलली होती. मी उन्हाच्या पलीकडच्या बाजूला गेले. टाळी वाजवली. रस्त्यापलीकडच्या कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं. एवढ्यात एक ट्रक गेला आणि ओपल हसली, ट्रक दिसला म्हणून. यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. मी नेहमीच अशी आहे, असं माझा नवरा कोरी म्हणतो. ओपल झोपली की तिच्या नाकापाशी आरसा धरणारी, तिच्या शीचा फोटो काढून नर्सला पाठवणारी. "ब्रेना, तुला काळजी करायला काही मिळालं नाही तर तू त्याचीसुद्धा काळजी करशील." खरं आहे. पण जिथे काळजी करायची होती तिथे मी केली नव्हती, आणि ते मला माहीत होतं, कारण त्याचा कागद आमच्या फ्रिजवर लावलेला आहे.

तिचा जन्म झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तिच्या कानांची तपासणी झाली होती. सगळ्याच बाळांची करतात. झोपलेल्या ओपलच्या डोक्याला तारा लावल्या, मशीनने थोडा वेळ विचार केला आणि दोन्ही कानांपुढे 'पुन्हा तपासा' असं आलं. नर्स म्हणाली, "पुष्कळदा आत पाणी राहिलेलं असतं, घाबरू नका. महिन्याभरात पुन्हा करून घ्या." कागद दिला. कागदावर तारीख आणि फोन नंबर. मी तो फ्रिजवर लावला, मक्याच्या कणसाच्या आकाराच्या चुंबकाखाली. मार्चमधली ती तारीख यायच्या आदल्या आठवड्यात पॅपॉ, म्हणजे माझे सासरे डेल्बर्ट मीस, स्वयंपाकघरात तिच्या गोधडीशेजारी जमिनीवर बसले होते. पॅपॉ म्हणजे आजोबा; त्यांना घरीदारी सगळे तसंच म्हणतात. एकाएकी ओपलने दोन्ही हात फेकले, बोटं फाकवली. "आली," पॅपॉ म्हणाले. आणि खरंच, काही सेकंदांनी भोंगा झाला. कोरी ओरडला, "अरे, हिला आपल्याआधी कळलं!" पॅपॉंनी तिला उचलून नाचवलं. "आणि ते मशीनवाले म्हणतात ऐकू येत नाही! चौतीस वर्षं मी यार्डात डबे जोडले, पोरी, ऐकणारा माणूस कसा दिसतो ते मला सांगू नका." त्याच दुपारी मी फोन करून तपासणी रद्द केली. मीच केली. फोनवरच्या बाईने विचारलं, दुसरी तारीख देऊ का? मी म्हटलं, आम्ही कळवतो. मी फोन ठेवला तेव्हा मला किती हलकं वाटलं होतं ते मला अजून आठवतं. फ्रिजवरचा कागद मात्र मी काढला नाही. का काढला नाही?

या वस्तीत लोक गाडीसाठी थांबतात. सहा वर्षांपूर्वी कोरीने मला पहिल्यांदा जेवायला आणलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी वाढले ते सपाट उपनगरात, जिथे सर्वात मोठा आवाज गवत कापायच्या यंत्राचा. टेबलावर शिजवलेल्या घेवड्याचं भांडं, मक्याचा पाव, कच्चा कांदा. मी उत्साहाने ग्रंथालयातली नोकरी सांगत होते आणि गाडी आली, तशी मी आवाज चढवला. आणखी चढवला. मग बघते तर टेबलाभोवतीचे सगळे चमचे हवेत थांबवून माझ्याकडे पाहतायत, जशी मी प्रार्थनेच्या मध्येच उठून नाचायला लागले होते. गाडी गेल्यावर पॅपॉ म्हणाले, "गाडीशी भांडून कुणी जिंकलेलं नाही, पोरी. ती जाईपर्यंत थांबायचं. शब्द काही पळून जात नाहीत." मी शिकले. आता मीही वाक्याच्या मध्ये थांबते आणि तिथूनच पुढे जाते. भांडणंसुद्धा थांबतात, कोरी आणि मी एकदा दारात उभे राहून, लाल चेहऱ्यांनी, एकशे दहा डबे जाईपर्यंत एकमेकांकडे बघत राहिलो होतो, आणि शेवटी दोघांनाही हसू फुटलं. पण चढावरून ती ढकलगाडी रेटताना माझ्या मनात आलं की ज्या घरात मोठा आवाज झाला की सगळे पुतळ्यासारखे होतात, त्या घरात आवाजाला न दचकणारं मूल कसं ओळखणार? दचकत तर कुणीच नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात हे पहिल्या महिन्यातच कळलं असतं.

पॅपॉ स्वयंपाकघरात होते. अनवाणी. बूट दाराशी, मोजे बुटांत, आणि दोन्ही तळपाय जुन्या ओकच्या फळ्यांवर सपाट टेकलेले. हिवाळ्यातही ते असेच बसतात. मी सहा वर्षं ते पाय बघत आले होते आणि म्हातारपणाची सवय, एवढाच अर्थ लावला होता.

"दिलंस का मत?" त्यांनी विचारलं.

"दिलं."

"आपल्या बाजूने?"

"हो," मी म्हटलं.

"राहतं घर विकायचं आणि त्या पैशाने रस्त्याला डांबर लावायचं," ते म्हणाले. "काय डोकं आहे! आपली रेल्वे म्हणे. माझ्या पणज्याने तिचा बोगदा खणला, केंटकीत, सायन्स हिलच्या खाली. तो कुणी विकत घेणारा आहे का, विचार." बोलताना ते माझ्या तोंडाकडे बघत होते. ते नेहमीच माणसाच्या तोंडाकडे बघून बोलतात, आणि लोक म्हणतात, जुन्या वळणाचा माणूस, समोरच्याकडे नीट लक्ष देतो. मी बेसिनकडे वळले, त्यांच्याकडे पाठ केली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "पॅपॉ, कॉफी करू?" उत्तर आलं नाही. नळ चालू नव्हता. मी पुन्हा वळले आणि तेच विचारलं. "कर की," ते म्हणाले.

मी कॉफी केली. हात फार व्यवस्थित चालले होते. मी दोन पेले भरले आणि म्हटलं, "बाहेर बसू या. हवा छान आहे." पुढच्या व्हरांड्यात छताला साखळ्यांनी टांगलेला झोपाळा आहे. पॅपॉ त्यावर बसले. मी ओपलला त्यांच्या मांडीवर दिलं, आणि कठड्याजवळचं स्टूल उचलून आत नेऊन ठेवलं, म्हणजे पाय टेकायला काही उरू नये. "पाय वर घ्या," मी म्हटलं, "मी जरा झोका देते. तिला आवडतं." त्यांनी मांडी घातली, या वयात ते अजून मांडी घालून बसतात. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले आणि पायाच्या अंगठ्याने झोपाळा हळूहळू ढकलत राहिले.

मालगाड्यांना वेळापत्रक नसतं. दहा मिनिटांत येईल, नाहीतर तासभर येणार नाही. पॅपॉ पणज्याच्या बोगद्याबद्दल सांगत राहिले. बोगद्यात म्हणे आवाज सगळीकडून येतो, गाडी पुढून येतेय की मागून ते कळत नाही, म्हणून त्या माणसांचा नियमच होता, कानाला विचारायचं नाही, रुळाला हात लावायचा. रूळ खोटं बोलत नाही. ओपल त्यांच्या शर्टाचा खिसा ओढत होती. ऊन उतरत चाललं होतं. समोर लॉरेन कामावरून परतली, गाडीतून किराण्याच्या पिशव्या काढू लागली, आणि मला पाहून म्हणाली, "अर्धा तास चहाची सुट्टी दिली आहे मला, मग पुन्हा जायचंय गोल मोजायला!" मी हात हलवला. मला वाटत होतं, आज गाडी न येवो. मग वाटायचं, आत्ता येऊ दे. या दोन्हींमध्ये मी झोपाळा ढकलत होते. माझ्या मनाची एक बाजू अगदी थंडपणे टिपून घेत होती की हा प्रयोग नीट मांडला गेलेला नाही, झोका हलतो आहे, त्याने तिचं लक्ष विचलित होईल. म्हणून मी पाय काढला आणि झोपाळा थांबू दिला.

"आणि आईची कोंबडी होती एक," पॅपॉ सांगत होते, "काळी, एका पायाने लंगडी, तिला गार्डाच्या डब्यात बसून..."

भोंगा झाला. दोन लांब. लॉरेन पिशवी छातीशी धरून थांबली. एक तोकडा. समोरच्या गल्लीत सायकल दुरुस्त करणाऱ्याने पाना खाली ठेवला. पुन्हा लांब, आणि मग खाली यार्डात डबे एकामागून एक ताणले गेले तसा तो सरकता धडाका टेकडीवर चढून आला, आणि माझ्या तळपायांखाली फळ्या गुणगुणायला लागल्या. सगळी गल्ली थांबली होती. आणि पॅपॉ बोलत होते. ज्या माणसाने मला थांबायला शिकवलं तो, मांडी घालून, नात मांडीवर घेऊन, गाडीच्या त्या पुरात अगदी शांतपणे कोंबडीची गोष्ट सांगत होता. ऐकू काहीच येत नव्हतं. ओठ हलताना दिसत होते, एक हात कोंबडी किती मोठी ते दाखवत होता. ओपल त्यांच्या ओठांकडे बघत होती, तोंड थोडं उघडं ठेवून, अतिशय लक्ष देऊन. त्या आवाजात फक्त ती दोघंच निवांत होती. मला रडू आलं नाही. मी एवढंच पाहिलं की त्यांच्या हनुवटीवर पांढऱ्या खुंटांत कॉफीचा थेंब आहे, आणि ओपलचा हात त्या थेंबाकडे चालला आहे.

मग पॅपॉंनी हसून माझ्याकडे पाहिलं, गोष्टीतला विनोदाचा भाग आला असावा, आणि माझा चेहरा पाहून ते अडखळले. त्यांनी समोर पाहिलं. लॉरेन पिशवी धरून उभी होती. पाना खाली होता. त्यांची नजर एकेका थांबलेल्या माणसावरून फिरली. मग अगदी सावकाश, थंड पाण्यात घालावा तसा, त्यांनी एक पाय मांडीखालून सोडवला आणि तळवा फळीला टेकवला. त्यांचा चेहरा बदलला म्हणणंही बरोबर नाही. त्यावरचं बोलणं फक्त निघून गेलं. गाडी लांब होती. आम्ही तिघं तसेच राहिलो. मध्येच त्यांनी ओपलचा एक मोजा काढला, तिला काखांत धरून खाली नेलं आणि तिचं उघडं पाऊल फळीवर ठेवलं. ओपलची मान वर झाली. डोळे मोठे झाले. हात हवेत थांबले. घरी होतात तसे, आमच्या अभिमानाचे.

शेवटचा डबा गेला. लॉरेनने दार ढकललं, पाना पुन्हा वाजू लागला. पॅपॉ खाली ओपलच्या पावलाकडे बघत होते.

"कधीपासून?" मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी.

"माझं?" ते म्हणाले. "बारा-तेरा वर्षं. यार्डातल्या निम्म्या लोकांचं असंच आहे, कुणी बोलत नाही. पाय आहेत की." मग ओपलच्या पावलाला बोट लावून, "तिचं मला ठाऊक नव्हतं, ब्रेना. शपथ. मला वाटलं, तिला ऐकू येतं. मला जे येतं त्यालाच मी ऐकू येणं म्हणायला लागलो होतो."

मीही तेच म्हटलं होतं, आणि मला तर कान होते.

कोरी सहाला आला. मी त्याला सांगितलं, तेव्हा तो ओपलच्या मागे उभा राहून तिचं नाव घेत राहिला, आधी हळू, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की मला त्याचा हात धरावा लागला. पॅपॉ ते बघत होते, त्यांना फक्त त्याचं तोंड दिसत असणार. रात्री बातम्यांत सांगितलं की मतं जवळजवळ निम्मी-निम्मी होती, पण विक्रीच्या बाजूने झुकली. पॅपॉंनी टीव्ही बंद केला. त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही की मी कुठला गोल काळा केला, आणि मला खरंच माहीत नव्हतं.

सकाळी आठ वाजता मी फ्रिजवरचा कागद काढला. नऊ महिन्यांत त्यावर कणसाचा पांढरा ठसा उमटला होता. ओपल गोधडीवर होती, पॅपॉ खुर्चीत, पाय फळ्यांवर. फोन लागला. मी म्हटलं, मला दोन जणांची तपासणी करून घ्यायची आहे, एक नऊ महिन्यांची आहे. बाई म्हणाली, आम्ही फक्त मुलांचं बघतो, दुसऱ्यासाठी नंबर देते, लिहून घ्या. आणि बाळाची मागची तारीख का रद्द झाली होती, ते इथे काही लिहिलेलं नाही.

ओपलने मान वर केली. पॅपॉंचा हात सवयीने वर गेला, थांब, म्हणून. भोंगा झाला. मी फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि बोलत राहिले. मी रद्द केली होती, मी, तिची आई, हो, मी म्हणत होते, तिला ऐकू येत नाही, आणि ते पुन्हा म्हणत होते, आणखी मोठ्याने, डबे जात होते, बाईला त्यातलं काय कळत होतं कोण जाणे, पॅपॉ माझ्या तोंडाकडे बघत होते आणि ओपलही बघत होती. मी थांबले नाही.